मदत हवी आहे: थायरॉईडमुळे व्हेंटिलेटर सुटत नाहीये
ठाण्यात आयसीयूत ६२ वर्षांच्या बाई. न्यूमोनिया आटोक्यात, पण टी-पीसवर (व्हेंटिलेटर काढून स्वतः श्वास घ्यायची चाचणी) २० मिनिटांत श्वास मंद आणि उथळ होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४४ वरून ६८. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) ५८, फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) अगदी कमी. नुसत्या आजारपणाने टीएसएच सहसा २० च्या वर जात नाही, म्हणजे हा खरा हायपोथायरॉईड (थायरॉईडचं काम कमी). श्वासाची ओढच कमी, डायफ्रॅमही अशक्त. कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) तपासून लेव्होथायरॉक्सिन (टी-४ चंच औषध) रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) सुरू केलंय. चालू फीडमध्ये ते नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी-नंतर तासभर फीड बंद. कॅल्शियम, लोह ४ तास लांब. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाची रक्त पंप करण्याची क्षमता) फक्त ३५ टक्के, त्यामुळे सुरुवातीलाच मोठा लोडिंग डोस द्यायला हात धजत नाही.

शिरेतून द्यायचं लेव्होथायरॉक्सिन ठाणे, वाशी, नेरूळकडे कुठे मिळेल? टी-४ वाढेपर्यंत रोज टी-पीस ट्रायल घ्यावी, की आताच ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्यातून श्वासनळीत नळी बसवणं) करावी? असा पेशंट हाताळलेल्यांनी कृपया लवकर सांगा.