पिन एका कोनात धरली तरच चार्ज व्हायचा, आता तर होतच नाही: जॅक की मदरबोर्ड?

सांगोलेकर
डेलचा १५ इंची लॅपटॉप, पाच वर्षं जुना. अडॅप्टर ६५ वॉट, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपियर. साडेचार मिमीची गोल पिन, आत बारीक सुई. आधी पिन वर उचलून धरली की चार्ज व्हायचा. आता चार्जर लावून मशीन चालतं, पण 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दिसतं आणि सगळं भयंकर हळू होतं. चालू करताना अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा संदेशही येतो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. घरी मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे. उघडण्याआधी काय तपासू?

तीन_पिनी
मदरबोर्डवर इतक्यात खापर फोडू नका. मशीन चार्जरवर चालतंय, म्हणजे १९.५ व्होल्ट आत पोचतायत. पोचत नाहीये ती ओळख.

या पिनेत तीन जोडण्या असतात. बाहेरचा पत्रा ऋण, नळीची आतली बाजू धन आणि मधली सुई ओळखीची. डेलच्या अडॅप्टरमध्ये एक छोटी मेमरी चिप असते. लॅपटॉप सुईवरून ती वाचतो आणि अडॅप्टर किती वॉटचा ते ठरवतो. वाचता आलं नाही, तर बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग पाडतो. टास्क मॅनेजरमध्ये बघा, वेग अर्ध्या-पाऊण गिगाहर्ट्झला चिकटलेला असेल.

आधी फुकटचं काम करा. चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) अडॅप्टरचा प्रकार बघा. '६५ वॉट' यायला हवं. 'अननोन' येत असेल तर पिन हळूच दाबून, फिरवून पुन्हा बघा. त्यानंतर त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा दुसरा अडॅप्टर लावून बघा, आणि तुमचा अडॅप्टर दुसऱ्या मशीनला. एचपीचा उसना आणू नका. त्याची निळ्या टोकाची पिन डेलमध्ये बसते, व्होल्टेजही तेच, पण ओळख पटत नाही. तोच संदेश येईल आणि तुम्ही नाहक बोर्डाला दोष द्याल.

मीटरने पिन तपासताना एक जपा. लाल प्रोब एकाच वेळी आतल्या भिंतीला आणि सुईला लागला, तर १९ व्होल्ट थेट ओळखीच्या रेषेवर जातात आणि अडॅप्टरमधली चिप मरते. प्रोबला टेप गुंडाळून फक्त टोक उघडं ठेवा. सुई वाकलेली दिसली तर तो अडॅप्टर लॅपटॉपला लावूच नका, तेच १९ व्होल्ट बोर्डात जातील.

कथील
अडॅप्टर निर्दोष निघाला तरच मागचं झाकण उघडा. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरायचं.

सोल्डरिंग आयर्न बहुधा लागणारच नाही. या मापाचा जॅक, म्हणजे पिन जिथे खोचतो तो भाग, बऱ्याच मॉडेलांत बोर्डावर सोल्डर केलेला नसतो, वायरींच्या छोट्या तुकड्यावर असतो आणि दुसरं टोक बोर्डावरच्या सॉकेटमध्ये खोचलेलं असतं. बाजारात 'डीसी जॅक केबल' मागा.

जॅक तपासताना मीटरच्या जोडणी दाखवणाऱ्या बीपवर विसंबू नका. बरेच मीटर दहा-वीस ओहमलाही बीप देतात, इथे तर अर्धा ओहमही जास्त. खरी परीक्षा चालू मशीनवर: बॅटरी काढलेली, अडॅप्टर लावलेला, बोर्डावरच्या सॉकेटपाशी व्होल्टेज किती ते बघा आणि पिन हलवून पुन्हा बघा. शेजारच्या दोन पिना प्रोबने जोडल्या जाणार नाहीत एवढं सांभाळा. ओळखीची बारीक वायर मात्र बंद मशीनवर, केबल बाहेर काढून मोजा.

सांगोलेकर
केलं. माझा अडॅप्टर दुसऱ्या मशीनवर ६५ वॉट दाखवतो. पिनेवर १९.५, बोर्डाच्या सॉकेटपाशी १९.१, पिन वर दाबली की १९.४. ओळखीची वायर जॅक दाबला तरच जुळते. पण ०.४ व्होल्ट म्हणजे काहीच नाही ना?

बोर्डलेव्हल
काहीच नाही कसं? वेग पाडून बसलेलं मशीन आत्ता जेमतेम एक अँपियर ओढत असेल. दाबल्यावर १९.४ होतं, म्हणजे ०.१ अडॅप्टरच्या वायरीत धरला तरी ०.३ व्होल्ट जॅकच्या सैल स्प्रिंगमध्ये पडतोय. म्हणजे साधारण ०.३ ओहम. पूर्ण ३.३४ अँपियरला तोच एक व्होल्ट होईल, आणि मटाराएवढ्या जागेत तीन वॉटहून जास्त उष्णता. जॅकचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, वितळतं ते यामुळेच. केबल बदला.

नवीन केबल लावण्याआधी बोर्डाच्या सॉकेटवर धन ते ऋण ओहम मोजा, अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून. दोन-चार ओहमच आले तर आत शॉर्ट आहे. तसं असेल तर चार्जर लावताच अडॅप्टरवरचा दिवाही विझतो. तुमचं मशीन चालतंय, त्यामुळे ती शक्यता मला दिसत नाही. नव्या जॅकनंतरही 'अननोन' राहिलं, तरच बोर्डाची पाळी: सॉकेटजवळ ओळखीच्या रेषेवरचा छोटा रेझिस्टर आणि संरक्षक डायोड बघायचे.

सांगोलेकर
इथल्या दुकानात नुसता जॅक मिळतोय, केबल नाही. जुन्या वायरी कापून त्याला जोडू का?

कथील
नको. त्या जॅकच्या मागचे पाय अगदी जवळजवळ असतात आणि धनच्या शेजारीच ओळखीचा पाय. जरा कथील सांडलं की संपलं. जुन्या केबलच्या चिकटपट्टीवर पार्ट नंबर असतो, तो टाकून मागवा. फोटो बघून घेऊ नका. दिसायला सारख्या केबलींची लांबी आणि सॉकेटमधला वायरींचा क्रम वेगळा निघतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, जुनी केबल सोबत नेऊन.

जॅक बोर्डावरच सोल्डर केलेला असता तर गोष्ट वेगळी होती. ऋणाचे पाय तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेले असतात, ते उष्णता ओढून घेतात. २५ वॉटच्या आयर्नने तिथलं शिसेविरहित कथील वितळत नाही, मग माणूस जॅक ओढतो आणि भोकातलं तांबंच उपटून येतं. तिथे आधी फ्लक्स आणि ६३/३७ कथील (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) मिसळून घ्यायचं, म्हणजे वितळणबिंदू खाली येतो. रुंद टोकाचं, तापमान धरून ठेवणारं आयर्न ३५०-३८० अंशांना लागतं.

तीन_पिनी
केबल बसवताना जॅकची खाच नीट बघा. पिन सैल होण्याचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं: जॅक धरून ठेवणारी प्लॅस्टिकची खुंटी तुटलेली असते, स्क्रू नुसताच फिरतो. तशीच सोडली तर नवा जॅकही डुलत राहील. अराल्डाइटचे दोन भाग सारखे मिसळून खुंटीच्या बुडाशी लावा, रात्रभर वाळू द्या, मगच स्क्रू हलक्या हाताने आवळा. फेव्हिक्विक वापरू नका, ते पातळ असतं, जॅकच्या आत उतरून स्प्रिंगवर थर धरतं.