टेर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला न जुमानणारं गजकर्ण: टाकळा, लसूण यांच्यावर भिस्त ठेवावी का?

दद्रुघ्न:
टाकळ्याचं संस्कृत नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण मारणारा. आपल्याकडच्या चिवट गजकर्णामागे आता बऱ्याचदा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी सापडते. हे नाव तिला २०२० साली मिळालं. टेर्बिनाफिन तिच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या एकाच एन्झाइमला धरतं. त्यातलं ३९३ किंवा ३९७ व्या जागचं एक अमिनो आम्ल बदललं की औषधाची पकड सुटते. उलट ठेचलेल्या लसणातलं ॲलिसिन थायॉल गट (गंधक-हायड्रोजनची जोडी) असलेल्या कितीतरी एन्झाइमांवर एकदम बसतं. ते सगळे घाव चुकवणं बुरशीला सोपं नाही. म्हणून वनस्पतींच्या अर्कांवर जोर द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्वचा_ओपीडी:
साफ असहमत. थायॉल गट आपल्या कातडीतही आहेत, ॲलिसिन तिथेही बसतं. कच्चा लसूण ठेचून पट्टीखाली बांधला की काही तासांत फोड येतात, भाजल्यासारखी कातडी सोलते. टाकळ्याच्या बिया लिंबाच्या रसात वाटून खाजवलेल्या जांघेत लावल्या तर आग होणारच, आणि ती आग म्हणजे 'औषध लागू पडतंय' असं लोक समजतात. गोवा पावडर आठवा. ब्राझीलच्या अरारोबा झाडाची ही भुकटी पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात आली. टाकळ्यातल्या क्रायसोफॅनॉल या द्रव्याच्याच कुळातलं क्रायसारोबिन तिच्यात असतं. गजकर्णावर ती चालायची, पण कातडी लालभडक व्हायची, कपड्यांवर डाग पडायचे आणि हात डोळ्याला लागला तर डोळा सुजायचा.

एमआयसी_वाला:
दोघेही मूळ प्रश्नाला बगल देताय: अर्क चालतो हे ठरवलं कसं? बहुतेक जण आगरमध्ये (बुरशी वाढवायच्या जेलीत) भोक पाडून अर्क ओततात आणि भोवतीचं मोकळं कडं मिलिमीटरमध्ये मोजतात. तेलकट अर्क आगरमध्ये पसरतच नाही, म्हणून चांगला अर्क नापास होतो. पाण्यात विरघळणारा लांब पसरतो आणि उगाच भाव खातो.

९६ खळग्यांची प्लेट घ्या. माध्यम आरपीएमआय १६४० (पोषक द्रावण), बीजाणू मिलिलिटरला एक ते तीन हजार, ३५ अंशांवर चार दिवस. तंतूंचे तुकडे गाळून काढा, नाहीतर मोजणीच चुकते. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर खळग्यात त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या वर नको, आणि नुसत्या डीएमएसओचा एक खळगा हवाच. हळदीचा अर्क तपासत असाल तर तिचा पिवळा रंग यंत्राचं वाचन बिघडवतो. तिथे बुरशीविना नुसत्या अर्काचेही खळगे ठेवा.

मग आकडा बघा, म्हणजे वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण (एमआयसी). बळी पडणाऱ्या बुरशीला टेर्बिनाफिन मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी पुरतं. अर्काला ५०० लागत असतील तर त्याला औषध म्हणू नका. १०० च्या आत आला तरच पुढचे कष्ट घ्यावेत.

दद्रुघ्न:
चाचणीचं मान्य. पण माणसांवरही पुरावा आहे. २००२ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पायाच्या बोटांमधल्या बुरशीवर टी ट्री तेल चार आठवडे लावलं. ५० टक्के तेलाच्या गटात ६४ टक्के लोकांच्या खरवडीतून बुरशी वाढली नाही. तेलाविना ३१ टक्के.

त्वचा_ओपीडी:
त्याच अभ्यासात तेल लावणाऱ्या चौघांना मध्यम ते तीव्र त्वचादाह झाला, हेही लिहा. आणि पायाच्या कातडीवरचा निकाल जांघेच्या पातळ, ओल्या कातडीला कसा लावता? आधी चट्ट्याच्या कडेची खरवड १० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कल्चर पाठवा, क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब बंद करा. तिने खाज थांबते आणि खाली बुरशी फोफावते.

एमआयसी_वाला:
अर्काला जागा असलीच तर औषधाच्या जोडीने. चेकरबोर्डमध्ये, म्हणजे दोघांची प्रमाणं आडवी-उभी बदलत, इट्राकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशकासोबत लावून बघा. एफआयसी निर्देशांक (जोडीत दोघांचं प्रमाण किती कमी पुरतं याचं माप) ०.५ किंवा खाली आला तर जोडी खरी, ४ च्या वर गेला तर दोघं एकमेकांना मारताहेत. आणि हे प्रतिरोधी बुरशीवरच करा. साध्या बुरशीवर चाललेल्या अर्कावरून या धाग्यातल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.