पेन्शनला कापले १९३, जमा झाले २४१. वरचे पैसे कुणाचे?

रेडिंगकर:
मंडळी, तीन वर्षं झाली इथे ब्रिटनमध्ये येऊन. पगार ५८,००० पौंड, त्यातले पाच टक्के पेन्शनला. पेस्लिपवर दरमहा १९३.३३ कापलेले दिसतात, पण पेन्शनच्या ॲपमध्ये २४१.६७ जमा! कंपनीचा वाटा वेगळ्या ओळीत आहे, म्हणजे हे पैसे तो नव्हेत. दुसऱ्या कंपनीतल्या मित्राचे मात्र पेस्लिपवरच पूर्ण पाच टक्के जातात आणि टॅक्स कमी बसतो. एचआरला विचारलं तर म्हणे, 'सगळं ऑटोमॅटिक असतं.' ऑटोमॅटिक म्हटलं की मला धडकी भरते.

पेरोलवाली ताई:
ते ४८.३४ सरकारचे. तुमची पद्धत 'रिलीफ ॲट सोर्स'. टॅक्स कापून झालेल्या पगारातून तुमचे ८० जातात, प्रोव्हायडर, म्हणजे पेन्शन सांभाळणारी कंपनी, एचएमआरसीकडून (इथल्या टॅक्स विभागाकडून) २० आणतो, खात्यात १०० होतात. मित्राची पद्धत 'नेट पे'. त्याची वर्गणी टॅक्स लागायच्या आधीच कापतात, त्यामुळे त्याला पुढे काही करावं लागत नाही.

तुम्हाला लागेल. ५०,२७० च्या वरच्या पगारावर तुम्ही ४० टक्के टॅक्स भरता आणि प्रोव्हायडर आणतो फक्त २०. उरलेले २० मागितल्याशिवाय मिळत नाहीत. वर्षाची वर्गणी २,९०० धरली तर ५८० पौंड झाले की हो! सेल्फ असेसमेंट, म्हणजे टॅक्सचं वार्षिक विवरणपत्र, भरत नसाल तरी एचएमआरसीकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. मागच्या चार करवर्षांचंही मागता येतं.

सेल्फ असेसमेंट भरत असाल तर सरकारची भर धरून आकडा टाका, २,९००. आमच्या ह्यांनी पहिल्या वर्षी २,३२० टाकले आणि 'हिशेब मला कळतो' म्हणून मला बघूही दिलं नाही. शंभरेक पौंड कमी आले, मग फॉर्म दुरुस्त करत बसले.

रेडिंगकर:
अरे देवा. पहिल्या वर्षी पगार ४९,००० होता, नंतरची दोन्ही वर्षं ५८,०००. तिन्ही वर्षांचं मागू?

पेरोलवाली ताई:
पहिल्या वर्षी तुम्ही ४० टक्क्यांत नव्हताच, त्यामुळे तेव्हाचे २० मिळून चुकलेत. पुढच्या दोन वर्षांचे ११६० मागा. चालू वर्षाचं बहुतेक टॅक्स कोड बदलून देतात, म्हणजे पगारातून टॅक्स कमी कापला जाईल. प्रोव्हायडरचं वार्षिक स्टेटमेंट आधीच काढून ठेवा.

एडिनबरोचा भाऊ:
स्कॉटलंडवाल्यांनी ताईंचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. आमच्याकडे २०२५-२६ मध्ये ४३,६६२ च्या वर ४२ टक्के आहे, म्हणून इथे २२ मागायचे. २१ टक्क्यांच्या पट्ट्यातल्यालाही तो एक टक्का मागता येतो. मी मागितला. बायको हसली.

लेस्टरची सून:
थोडं अवांतर. मी बाळामुळे घरी आहे, कमाई शून्य. तरी पेन्शनमध्ये वर्षाला २,८८० भरले की ३,६०० होतात. सासूबाईंना हे पटवायला दोन रविवार गेले. 'टॅक्स भरलाच नाहीस तर परत कसला मिळतो?' प्रश्न बरोबर आहे त्यांचा, पण नियम तसा आहे खरा.

स्लाउचे काका:
फुकटचं समजू नका रे. काढताना साधारण पाव भागच करमुक्त, बाकीच्यावर टॅक्स आहे. आणि सध्या पंचावन्नच्या आधी हात लावता येत नाही, एप्रिल २०२८ पासून सत्तावन्न.

रेडिंगकर:
काका, मी चौतीसचा आहे. आधी ते ११६० तर येऊ द्या. काल रात्री अर्ज टाकला.