रॉटवायलर कुत्रा ३ आठवडे लंगडतोय, लेप लावून बघू का?

भैरूचा बाबा, वाई
भैरू साडेसात वर्षांचा, ४८ किलोचा. उजवा पुढचा पाय टेकवत नाही. इथल्या डॉक्टरांनी मुरगळला म्हणून मेलॉक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारी गोळी) दिलं. गोळी चालू असली की बरा, थांबली की पुन्हा लंगडा. काल अंग पुसताना मनगटाच्या वर सुपारीएवढं टणक काहीतरी हाताला लागलं. दूध-भाकरी मात्र पूर्वीसारखीच हाणतो. आई म्हणते हळद-तुरटी लावून चोळू.

शेरीची आई, डोंबिवली
दादा, चोळू नका हो. आधी एक्स-रे. आमच्या ग्रेट डेनचं असंच झालं आणि मी गोळ्यांवर दीड महिना घालवला. मोठ्या जातींत हाडाचा कॅन्सर ठरावीक जागी होतो: मनगटाच्या वर, खांद्यापाशी, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. जेवतोय यावर जाऊ नका, शेरी शेवटच्या आठवड्यापर्यंत ताट चाटायची. तोवर जिना आणि उड्या बंद. आतून पोखरलेलं हाड साध्या उडीनेही मोडतं. घरातली आयबुप्रोफेन (आपली दुखण्यावरची गोळी) चुकूनही देऊ नका.

भैरूचा बाबा
संधिवात नसेल कशावरून?

शेरीची आई
असूही शकतो, देव करो. पण संधिवाताचा कुत्रा उठताना आखडतो आणि चार पावलं टाकली की जरा मोकळा होतो. शेरी चालेल तितकी जास्त लंगडायची. एक्स-रेत हाड कुरतडल्यासारखं दिसलं, मग सुईने नमुना घेतला. छातीचाही एक्स-रे काढून घ्या, हा कॅन्सर फुफ्फुसांत जातो. एक्स-रे स्वच्छ आला तरी पेशी बहुतेकदा तिथे पोचलेल्या असतात, म्हणून पाय काढल्यावर केमो. नुसता पाय काढला तर कुत्रा साधारण ४-५ महिने जगतो, केमोसह १०-१२. आम्हाला ११ मिळाले. एवढं धूड तीन पायांवर कसं चालणार म्हणून मी रडत होते, आणि ही बया टाके निघायच्या आधीच पोस्टमनवर धावली!

पाचवडचा पाटील
शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथे दाखवा. एक्स-रेला भूल द्यावी लागू शकते, कधीपासून उपाशी ठेवायचं ते फोनवर विचारून घ्या.

भैरूचा बाबा
विचारलं. सकाळी निघतोय. लेप नको म्हटल्यावर आई रुसली होती, आता तीच म्हणते मीपण येते, मागे त्याच्यापाशी बसते. रात्रीपासून त्याला काही द्यायचं नाहीये. आत्ता भाकरीच्या टोपल्यासमोर बसून माझ्याकडे बघतोय.