विण्यापूर्वी कॅल्शियम पाजण्याविषयी

गाभण गाईला नवव्या महिन्यात रोज कॅल्शियम पाजले की व्याल्यानंतर ती अशक्त होऊन खाली बसत नाही, असा सल्ला आधीच्या एका प्रतिसादात दिला आहे; त्याच्याशी मी सहमत नाही. विण्यापूर्वीच्या 2-3 आठवड्यांत आहारातून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले, तर हाडांतील साठा रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग चीक उतरू लागताच एकाएकी वाढलेली गरज तिला भागवता येत नाही आणि गाईला दुग्धज्वर, म्हणजे रक्तातील कॅल्शियम घटून गाय खाली बसण्याचा आजार, होतो. म्हणून या काळात लसूणघास हा हिरवा चाराही आवरता घ्यावा, कारण त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही जास्त असतात. आपल्या मराठवाड्यात त्या मानाने कमी कॅल्शियमचा ज्वारीचा कडबा मिळतो, ही खरोखर मोठी सोय आहे. टंचाईत मात्र अनेकांना उसाच्या वाढ्यांवरच (शेंड्याकडील हिरव्या पाल्यावर) भागवावे लागते, आणि वाढ्यांतील ऑक्झॅलेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवत असल्याने गाभण गाईला निदान कडबा मिसळून तरी ते द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खुराक शेवटच्या 3 आठवड्यांत थोडाथोडा वाढवावा.

तिसऱ्या वेतापासून पुढच्या, जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंना दुग्धज्वराचा धोका अधिक असतो. देवणी किंवा लालकंधारी या देशी जातींत तो सहसा कमी दिसतो. कॅल्शियम पाजायचेच असेल, तर गाय व्याल्याबरोबर, ती उभी असताना पाजावे. ती मान पोटाकडे वळवून बसली असेल आणि कान गार लागत असतील, तर तोंडावाटे काहीही पाजू नये, कारण औषध फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी शिरेतून सावकाश कॅल्शियम देण्यासाठी पशुवैद्यकांना तातडीने बोलवावे.