इंदूरचा इंडस बघून झाला, आता खान्देशातल्या सरकारी दवाखान्यात कॅन्सरचं लिनॅक मशीन मागू या का? मतं सांगा

तापीकाठचा (रावेर)
पुतण्या कॉलेजच्या सहलीत इंदूरला आरआरकॅट या केंद्राच्या संशोधन संस्थेत इंडस-२ हा ॲक्सिलरेटर, म्हणजे कणांचा वेग वाढवणारं यंत्र, बघून आला. १७२ मीटर घेराची रिंग, त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात, वळताना त्यांच्यातून जो प्रकाश निघतो त्याच्यावर शास्त्रज्ञ प्रयोग करतात, आल्यापासून तो हेच सांगतोय आणि मलाही ऐकून भारी वाटलं. पण ॲक्सिलरेटर म्हटलं की आपण लगेच जिनिव्हाच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात शिरतो, तिथं सापडलेल्या हिग्ज बोसॉन कणाचा विषय काढतो, आणि कॅन्सरच्या पेशंटला ज्या मशीनखाली झोपवून किरण देतात ते लिनॅक पण ॲक्सिलरेटरच आहे हे कोणी बोलतच नाही. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस आपल्याकडे कोणत्या गावात नाही? लाईट, म्हणजे हे किरण, घ्यायला तो मुंबईला जातो. सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे, टेबलावर रोजची दहा-पंधरा मिनिटं, बाकी सगळा दिवस धर्मशाळेत नाहीतर परळच्या फुटपाथवर. फुले योजनेत उपचार बसतो हो, पण सोबत गेलेल्याची बुडालेली मजुरी आणि दोघांचं खाणंपिणं कशात बसतं? म्हणून माणसं कोर्स अर्धा टाकून गाडीत बसतात, आणि अर्ध्यात सोडलं की गाठ परत वाढायची भीती. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. माझं सरळ मत, तिथं लिनॅक आधी, मोठ्या विज्ञानाचे नवे प्रकल्प नंतर. यावर निवेदन द्यायचा विचार आहे.

फिजिक्सवाली (अमळनेर)
दादा, मागणी शंभर टक्के बरोबर, पण ते "आधी-नंतर" मला अजिबात मान्य नाही. लिनॅक काय कोणी दवाखान्यासाठी म्हणून शोधलं नव्हतं. त्यात इलेक्ट्रॉनला ढकलणाऱ्या ज्या मायक्रोवेव्ह लागतात त्या मॅग्नेट्रॉन नाहीतर क्लायस्ट्रॉनमधून येतात, आणि ती दोन्ही यंत्रं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास रडारच्या कामातून वर आली. भौतिकवाल्यांनी ती इलेक्ट्रॉनचा वेग वाढवायला वापरली आणि १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात पहिला पेशंट लिनॅकखाली गेला. कणांना गोल फिरवत वेग देणारा ॲक्सिलरेटर म्हणजे सायक्लोट्रॉन, अमेरिकेतल्या लॉरेन्स या शास्त्रज्ञाचा पहिला सायक्लोट्रॉन तळहातावर मावेल एवढा होता, त्यावेळी कोणी "आधी दवाखाना" म्हटलं असतं तर? प्रोटॉननं कॅन्सरवर उपचार करता येतील हे १९४६ मध्ये लिहिलं रॉबर्ट विल्सन या ॲक्सिलरेटर बांधणाऱ्या माणसानं. प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर जाऊन बहुतेक ऊर्जा तिथंच टाकतो, पुढं जवळपास काहीच जात नाही, म्हणून लहान पोरांच्या मेंदूच्या गाठीला ते फार उपयोगी. आज खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून ते मिळतंय. आणि जिनिव्हाच्या बोगद्यातले अवजड चुंबक केसभर इकडेतिकडे न होता बसवायचे जॅक भारतानं दिले, सात हजारांवर, आपल्या इंदूरच्या आरआरकॅटच्या पुढाकारानं! हे हात तयार झाले नाहीत तर लिनॅक कायम बाहेरूनच विकत घ्यावं लागेल.

तापीकाठचा (रावेर)
ताई, इतिहास मान्य. पण पैसा एकच आहे आणि पेशंट आज मरतोय.

फिजिक्सवाली (अमळनेर)
पैसा एकच नाही ना. इंदूरचा पैसा केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचा, मेडिकल कॉलेजचा राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याचा. इंडस बंद केलं तरी त्यातला एक रुपया धुळ्याला येणार नाही. आणि मुंबईच्या समीर संस्थेनं बनवलेलं देशी लिनॅक सेवाग्रामच्या हॉस्पिटलात लागलं होतं, ते संशोधनातूनच आलं. वर्ध्याला जमलं तर आपल्याला का नाही, निवेदनात हे लिहा.

वायरमन (पारोळा)
तुन्ही गोट खरी शे भाऊ, पन मी एकच विचारस, लाईट गयी ते मशीन काय कामनं? मराठीत सांगतो. लिनॅकला स्थिर व्होल्टेज लागतं, थंड पाण्याचा चिलर कायम चालू लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि ट्रान्सफॉर्मर उडतात. त्यापेक्षा कोबाल्ट मशीन बरं, त्यात किरण विजेनं नाही, किरणोत्सारी कोबाल्टमधून येतात. बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) भाभाट्रॉन हे कोबाल्ट मशीन आपलंच आहे, वीज थोडी लागते, बिघाड कमी. जे टिकेल ते मागा ना.

सिस्टर (धुळे)
मी रेडिएशनच्या वॉर्डात काम केलंय म्हणून जरा मोठं लिहिते. कोबाल्ट वाईट नाही, काहीच नसण्यापेक्षा हजारपट चांगलं, त्यानं खूप जणांना वाचवलंय. पण आपल्या भागात तोंडाचे आणि घशाचे पेशंट जास्त. तिथं गाठीला लागूनच लाळेच्या ग्रंथी असतात, त्या जळाल्या की तोंड कायमचं कोरडं पडतं, माणूस बरा होतो पण भाकरीचा घास गिळायला त्याला घोटाघोटानं पाणी लागतं, तिखट तर सुटतंच, दात किडतात ते वेगळं. लिनॅकमध्ये धातूच्या बारीक पट्ट्या पुढंमागं सरकून किरणांना गाठीचा आकार देतात आणि ग्रंथी बऱ्याच वाचवता येतात. साध्या कोबाल्टवर ते तितकं जमत नाही. दुसरं, कोबाल्ट-६० ची ताकद ५.२७ वर्षांत निम्मी होते, मग तेवढाच डोस द्यायला पेशंटला दुप्पट वेळ झोपवायचं, नाहीतर सोर्स, म्हणजे आतला कोबाल्ट, बदलायचा. आणि जुना सोर्स सांभाळणं ही जबाबदारी असते, २०१० ला दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट भंगारात गेला आणि एकाचा जीव गेला. लिनॅक बंद केलं की किरण बंद. दादा, विजेचा प्रश्न खराच आहे, पण सरकारी दवाखान्यात आयसीयू चालतं, ऑपरेशन थिएटर चालतं, तर वेगळी लाईन आणि जनरेटर मागता येतो.

वायरमन (पारोळा)
जनरेटर येतो, डिझेल येत नाही. मी हे आयुष्यभर बघितलंय. माझं मत कोबाल्टच.

शिरपूरकर
मी म्हणतो सायक्लोट्रॉन पण मागा. कॅन्सर कुठं पसरलाय ते बघायच्या पेट स्कॅनला जे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं औषध टोचतात ते सायक्लोट्रॉनमध्ये बनतं आणि ११० मिनिटांत निम्मं होतं. मुंबईहून रस्त्यानं जळगावला यायला सात-आठ तास धरले तर पोचेपर्यंत जेमतेम सोळावा हिस्सा उरतो.

सिस्टर (धुळे)
भाऊ, सायक्लोट्रॉन आत्ता नको, एवढ्या मोठ्या मागणीत लिनॅकच मागं पडेल. त्याच्याआधी माणसं मागा. मशीन येतं आणि किरणांचा डोस मोजून तपासणारा मेडिकल फिजिसिस्ट नाही म्हणून कुलूप, हे नको. फिजिसिस्टशिवाय आणि एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीशिवाय पेशंटवर मशीन चालवताच येत नाही.

फिजिक्सवाली (अमळनेर)
यावर माझा खरा जीव आहे. जळगावच्या विद्यापीठातून दरवर्षी एमएस्सी फिजिक्सची पोरं बाहेर पडतात आणि कोचिंग क्लासला लागतात. मेडिकल फिजिसिस्ट व्हायला बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा असतो हे त्यांना कोणी सांगतच नाही.

सातपुड्यातला (धडगाव)
तुम्ही सगळे जळगाव-धुळे करताय. आमच्या पाड्यावरून नंदुरबारलाच यायला दिवस जातो, जळगाव आम्हाला मुंबईइतकंच परकं. मशीन कुठंही लावा, पण पेशंट आणि सोबतच्या माणसाची कोर्स संपेपर्यंत राहायची-जेवायची सोय मागणीत पहिल्या नंबरला पाहिजे. ती नसली तर आमचा माणूस धुळ्याहून पण अर्ध्यातच परत येईल.

तापीकाठचा (रावेर)
मुद्दा घेतला, पहिल्या नंबरला टाकतो. जागा धुळे धरू या का, नंदुरबारला मधलं पडतं? जळगाववाल्यांनी बोला. "मोठे प्रकल्प नंतर" ही ओळ मात्र मी ठेवणार आहे.

फिजिक्सवाली (अमळनेर)
ठेवा, पण मग त्या निवेदनावर माझी सही नाही. ओळ काढली तर अमळनेरमधून सह्या गोळा करून आणायचं काम माझं.