मदत हवी आहे: बाबांचा रशियन समोवार गळतोय

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात नोकरीला होते. तेव्हा तिथे सोव्हिएत तंत्रज्ञ बायकामुलांसह राहायचे. आमच्या ओळखीचं एक कुटुंब 1970 च्या सुमारास मायदेशी परतताना आईच्या हातात आपला समोवार, म्हणजे त्यांचं चहासाठीचं भांडं, ठेवून गेलं. आई होती तोवर तो घासूनपुसून कपाटावर असायचा, नंतर माळ्यावर गेला. पुढच्या महिन्यात बाबांना 82 पूर्ण होतील. काय हवं विचारलं तर म्हणाले, "त्या बाई पाजायच्या तसला चहा एकदा पाज."

समोवार दीड फुटाचा आहे. रंग चांदीसारखा, पण कडांवर आतलं पितळ दिसतं. रचना थेट आपल्या बंबासारखी: मधोमध निखाऱ्यांची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी, पुढे तोटी. अंगावर चार अक्षरांचा ठसा आहे. पहिलं इंग्रजी टी, दुसरं वाय, तिसरं छपरासारखं, चौथं ए. बाबांनी त्यावरून बोट फिरवत वाचून दाखवलं, "तूला."

गेल्या रविवारी घोळ झाला. भाच्याने उत्साहाच्या भरात आधी निखारे टाकले आणि मी पाणी आणेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. आता तोटीच्या बुडाशी थेंब थेंब गळतंय, आणि तिथे करडा, मोहरीएवढा मणी थिजलाय. बाबा रागावले नाहीत. नुसते तो थेंब पुसत बसले. ते बघवेना.

हे दुरुस्त होईल का? कुणाकडे नेऊ? आतली कल्हई काळी पडलीय, ती काढून नवी करावी का? आणि चहा नक्की कसा करायचा? चहा, साखर, दूध सगळं समोवारातच घालायचं का?

प्रतिसाद

ताई, घाबरू नका, होईल दुरुस्त. मी सहा वर्षं रशियात शिकत होतो आणि आमच्या घरमालकीणबाईंकडे असाच समोवार होता. तूला हे मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे 180 किलोमीटरवरचं गाव, समोवारांसाठी नावाजलेलं. तिथे 1778 पासून ते बनतात. "तूलाला जाताना आपला समोवार घेऊन जात नाहीत," अशी त्यांच्याकडे म्हणच आहे.

तुमच्या समोवाराचा डाख, म्हणजे सांधे जोडणारा मऊ धातू, वितळलाय, तो करडा मणी त्याचाच. पाणी असेल तर धातू शंभर अंशांच्या वर फारसा तापत नाही, कोरडा असेल तर डाख सुटतो. म्हणून आधी पाणी, मगच विस्तव, आणि पाणी नळीभोवती जवळजवळ काठापर्यंत हवं. जुन्या तांबटाकडे न्या, पण नवा डाख शिसं नसलेलाच लावायला सांगा. कल्हईही शुद्ध कथलाचीच. जुन्या डाखात शिसं असायचं, त्यामुळे हे काम होईपर्यंत त्यातलं पाणी कुणाला देऊ नका. बाहेरून पितांबरी अजिबात लावू नका, वरचा निकेलचा थर निघून जाईल. ओलं फडकं पुरे. आत क्षार साठले असतील तर लिंबूसत्व घातलेलं पाणी उकळून ओतून टाका.

आता चहा. समोवारात फक्त पाणी. दूध नको, पत्तीही नको! छोट्या किटलीत भरपूर पत्ती घालून कडक कोरा चहा मुरवायचा, त्याला ते 'झावार्का' म्हणतात. ती किटली समोवाराच्या डोक्यावरच्या कड्यात ठेवायची, म्हणजे गरम राहते. मग कपात थोडी झावार्का आणि वर तोटीचं उकळतं पाणी, ज्याला जेवढा कडक हवा तेवढा. सोबत लिंबाची चकती किंवा बशीत मुरंबा. जुनी माणसं साखरेचा खडा दातात धरून त्यावरून चहा पितात. बाबांना विचारून बघा, त्यांनी ते नक्की पाहिलं असेल.

तिकडे पाइनची सुकी बोंडं जाळतात, तुम्हाला लाकडी कोळसा चालेल. पण अंगणातच पेटवा, बंद खोलीत नको, कोळशाचा धूर जीवघेणा असतो. आणि पेटवताना वर एक लांब नळी लागते, धुराड्यासारखी. ती आहे का? ती नसली की निखारे नीट धरत नाहीत. आमच्या बाई सांगायच्या, पूर्वी निखारे फुलवायला वर उलटा बूट दाबून त्याचाच भाता करायचे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मनापासून आभार. नळीचं वाचलं आणि तशीच माळ्यावर चढले. पत्र्याची एक वाकडी नळी पोत्यात गुंडाळलेली मिळाली. ती भंगारात द्यायची म्हटलं की बाबा दर दिवाळीला अडवायचे, आम्हाला कारण कधी कळलंच नव्हतं. साखरेच्या खड्याचं विचारलं तर ते खुर्चीत सरसावून बसले आणि दातात खडा कसा धरायचा ते मला करून दाखवलं.

उद्या नाशिकच्या तांबट आळीत जातेय. एकच शंका उरलीय: मुरंबा आंब्याचा चालेल ना?